झोपलेल्या सुरुंगावर पाणी

माझा बाप ठार बहिरा होता, आणि आमच्या टोळीत सब्बल धरणारा त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता.

दगडात सुरुंगाचं भोक पाडायला दोन माणसं लागतात. एक जण उकिडवा बसून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, दोन्ही हातांनी उभी धरतो. दुसरा तिच्या डोक्यावर घण मारतो. प्रत्येक घावासरशी धरणाऱ्याने सब्बल किंचित फिरवायची, नाहीतर ती दगडात रुतून बसते. रस्त्याने जाणारे लोक घण मारणाऱ्याचे दंड बघत थांबायचे. पण भोक सरळ जाईल की तिरपं, हे खाली बसलेल्याच्या हातात असतं. घाव पडताना त्याने हात आखडला की सब्बल कलते आणि घण मनगटावर येतो. माझ्या बापाने हात कधी आखडला नाही. सब्बलीतून जो झटका वर यायचा, त्यावरून तो सांगायचा की खाली दगड सलग आहे की त्यात नस, म्हणजे फुटायची रेघ, आहे. मारणारा होता माझा नवरा. अंगाने आडवा, बोलायला कमी. सासरा-जावयाची जोडी सकाळी एकदा सुरू झाली की दुपारच्या शिदोरीपर्यंत थांबायची नाही.

मी भोकात पाणी ओतायची. दगडाचा चुरा पाण्यात मिसळून चिखल होतो, तो लांब दांड्याच्या पळीने काढायची. सब्बलीभोवती ओल्या चिंधीचं कडं ठेवायची, म्हणजे घावाबरोबर चिखल बापाच्या डोळ्यांत उडत नसे. बाकीच्या बायका फुटलेला दगड टोपलीतून वाहायच्या, नाहीतर सावलीत बसून लहान हातोडीने खडी फोडायच्या. लहान हातोडी दिवसभर चालवली तरी कोणाला काही वाटत नसे. घणाला मात्र बाईने हात लावायचा नाही. का, ते कोणी सांगत नसे. मी एकदा विचारलं तेव्हा टोळीतली एक म्हातारी म्हणाली, लोखंड रुसते. मी म्हटलं, मग हातोडी काय लाकडाची आहे? त्यावर तिने मला हातानेच गप्प बसायची खूण केली.

बाप जन्मापासून बहिरा नव्हता. माझा थोरला भाऊ चांद्याजवळच्या एका खाणीत जीवानिशी गेला, त्याच दिवशी बापाचे कान गेले. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. सुरुंगाच्या भोकात दारू भरतात, वात सोडतात आणि वरून माती ठासतात. कधी कधी वात मध्येच विझते आणि सुरुंग उडत नाही. आमच्यात त्याला झोपलेला सुरुंग म्हणत. त्या दिवशी तसा एक झोपला होता. खाणवाल्याच्या माणसाने माझ्या भावाला सांगितलं, वरची माती सब्बलीने उकरून काढ आणि नवी वात घाल. भावाने उकरायला घेतलं. लोखंड दगडावर घासलं, ठिणगी पडली. बाप दहा पावलांवर होता. भावाचं तोंड मी नंतर पाहिलं नाही. मला पाहू दिलं नाही. खाणवाल्याचा माणूस आमच्या झोपडीशी येऊन म्हणाला की तुमच्या मुलाने फार घाई केली. घाई कोणाला होती, हे तो बोलला नाही.

त्यानंतर बापाने एक नियम केला आणि तो जाईल त्या कामावर पाळला. झोपलेल्या सुरुंगाला लोखंड दाखवायचं नाही. एक दिवस, एक रात्र त्याच्याजवळ फिरकायचं नाही. मग पाणी ओतायचं, माती भिजू द्यायची, बांबूच्या काडीने उकरायची, पुन्हा पाणी ओतायचं. काळं पाणी वर आलं की दारू भिजली, सुरुंग मेला. त्या भोकापासून हात-दीड हातावर नवं भोक पाडायचं. बहिरा झाल्यापासून बाप फार मोठ्याने बोलायचा. हा नियम त्याने मला इतक्या मोठ्याने आणि इतक्या वेळा सांगितला होता की सगळ्या टोळीला तो पाठ होता.

मी सांगते ती गोष्ट त्यानंतर सात-आठ वर्षांनी घडली. चांदा जिल्हा नुकताच मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. आमच्या टोळीत कोणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. अहेरीच्या पुढे भामरागडच्या अंगाला जंगलातून गाडीरस्ता काढायचं काम चालू होतं आणि आम्ही त्यावर होतो. पावसाळ्यात तिकडची गावं चार महिने तुटायची. नाले भरले की कोणी आजारी पडो, कोणी अडलेली बाळंतीण असो, तिकडचं तिकडेच. रस्ता व्हायला हवा होता, हे मी आजही म्हणते. आमचं भांडण रस्त्याशी नव्हतं.

फाल्गुन संपत आला होता. एका नाल्याच्या उताराशी काळ्या दगडाची धोंड आडवी आली. दोन बैलगाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल तेवढी लांब, आणि माझ्या डोक्याच्या वर हातभर उंच. डावीकडे उभा चढ, उजवीकडे नाला. वळसा घालायला जागा नव्हती. त्या धोंडेवर बाप दोन दिवस नुसता फिरला. तळवे टेकवत, हातोडीने ठोकत. मग त्याने खडूने पाच जागी खुणा केल्या.

आमचा मुकादम वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ही गोष्ट ऐकून लोक त्याला राक्षस करून टाकतात. तापाच्या दिवसांत तो स्वतः प्रत्येक झोपडीशी यायचा आणि कुनैनची गोळी आपल्यासमोर गिळायला लावायचा. एका म्हाताऱ्याला त्याने स्वतःचं घोंगडं दिलेलं मी पाहिलं आहे. पण त्याला रस्ता पावसाच्या आत नाल्यापलीकडे न्यायचा होता, आणि सुरुंग उडवायच्या दिवसानंतर दोनच दिवसांनी ओव्हरसियर काम पाहायला यायचा होता. एकदा हे त्याच्या डोक्यात बसलं की दुसरं काही बसत नसे.

पाच भोकं पाडायला सहा दिवस लागले. पाचांत दारू भरली. डब्यातली शेवटची दारू पाचव्या भोकात गेली. नवा डबा चांद्याहून यायला आठ-दहा दिवस लागणार होते. तिसऱ्या प्रहरी वाती पेटवल्या. लाल फडकं घेऊन माणसं दोन्हीकडे धावली, आम्ही सगळे झाडांच्या आड बसलो. बापाला बार ऐकू येत नसत. तो नेहमी जमिनीवर पालथा पंजा टेकवून बसायचा आणि मोजायचा. धुरळा खाली बसल्यावर त्याने मला चार बोटं दाखवली. मी चारच ऐकले होते. पाचवा झोपला होता.

धोंडेचा नाल्याकडचा भाग ढासळला होता, पण मधला दगडाचा मोठा गड्डा तसाच उभा होता आणि पाचवा सुरुंग त्याच गड्ड्यात होता. त्या संध्याकाळी कोणी जवळ गेलं नाही. मुकादमानेही जाऊ दिलं नाही. सकाळी उठल्यावर मात्र त्याने माझ्या नवऱ्याला बोलावलं. मी चुलीशी होते, तिथून सगळं ऐकू येत होतं. त्याचं म्हणणं असं होतं की रात्र गेली, वात थंड झाली, आता भीती नाही. वरची माती सब्बलीने हलक्या हाताने काढायची, नवी वात सोडायची, दुपारच्या आत बार करायचा. नवं भोक पाडून उपयोग नव्हता, कारण भरायला दारूच नव्हती. म्हणून या भोकातली दारू वाचवायची होती.

नवऱ्याने एवढंच विचारलं की सासऱ्याला सांगितलं का. मुकादम म्हणाला, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, त्याला कशाला त्रास. नवरा सब्बल आणायला गेला. मी त्याच्या मागे गेले. तो सब्बलीचं टोक अंगठ्याने तपासत होता. मी त्याला म्हटलं, माझा भाऊ असाच गेला. तो म्हणाला, मला माहीत आहे. मी म्हटलं, मग? त्यावर तो म्हणाला, "आपण नाई म्हटलं त उद्या दुसऱ्याले लावन. मी निदान हात हलका ठेवीन."

तो भित्रा नव्हता. दुसऱ्याच्या जागी आपण जावं असं त्याला वाटत होतं, आणि मला त्याचाच राग आला. दोघांपैकी एकाने तरी मरायचंच, हे आधीच ठरल्यासारखा तो बोलत होता. मी पुढे वाद घातला नाही. पाण्याची घागर उचलली आणि धोंडेकडे चालू लागले.

मला भीती वाटत नव्हती असं लिहिलं तर ते खोटं होईल. गड्ड्यावर चढताना घागरीतलं पाणी पाठीवर सांडत होतं. झोपलेला सुरुंग कधी जागा होईल, हे सांगता येत नाही. बापाच्या नियमातला एक दिवस, एक रात्रही अजून पुरी झाली नव्हती. पण खालून नवरा येताना दिसत होता आणि त्याच्या खांद्यावर सब्बल होती. मी भोकाशी बसले आणि ठासलेल्या मातीवर घागर वाकडी केली.

मुकादमाने लांबून पाहिलं. तो धावत आला. त्याला पहिल्यांदा कळलंच नाही मी काय करते आहे; त्याला वाटलं मी सुरुंगाजवळ चुकून गेले. तो खालून ओरडला की बाजूला हो, तिथे धोका आहे. मी म्हटलं, मला माहीत आहे. मग त्याला माझ्या हातातली घागर दिसली.

"काय करून राह्यली तू?" तो म्हणाला. "ते दारू भिजन ना."

"भिजाले पाह्यजे, म्हून त ओतून राह्यली."

त्याने मला खाली उतरायला सांगितलं. मी उतरले नाही. त्याने माझ्या नवऱ्याला सांगितलं की तुझ्या बायकोला उतरव. नवरा गड्ड्याच्या पायथ्याशी आला, वर पाहिलं. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तोवर मी त्याला चारचौघांत कधी उलट बोलले नव्हते. तो हळू आवाजात म्हणाला, "उतर वं. लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या जी," मी म्हटलं. "तुमी सब्बल घेऊन वर आले, त मी या भोकावर मांडी घालून बसन. मंग माह्या मांडीतून उकरा."

आज हे लिहिताना मला माझ्याच बोलण्याचं आश्चर्य वाटतं. तेव्हा वाटलं नाही. नवऱ्याने सब्बल खाली ठेवली. फेकली नाही, नीट आडवी ठेवली आणि तिच्याशेजारी बसला. मुकादम म्हणाला की सरकारी दारूची नासाडी केली म्हणून तुम्हा तिघांना कामावरून काढतो. मी म्हटलं, काढा. घागर रिकामी झाली होती. खाली उतरून भरायला गेले तर मागे कोणी वर चढेल, म्हणून मी हलले नाही. ऊन चढायला लागलं.

जवळच्या पाड्यावरच्या बायका रोज सकाळी मोहफुलं वेचून परतताना त्या नाल्यावर पाणी भरायला यायच्या. आमचं-त्यांचं बोलणं असं नव्हतं. त्यांची बोली गोंडी, आमची ही. हसण्यापुरती ओळख होती. त्यांच्यातली एक वयस्क बाई डोक्यावर पाण्याचं मडकं घेऊन वर आली आणि हे काय चाललं आहे म्हणून थांबली. मी भोकाकडे बोट दाखवलं, दोन्ही हात वर उडवून दाखवले, मग सब्बलीकडे आणि माझ्या नवऱ्याकडे बोट केलं. तिने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. तिच्या गावचे गडीही त्याच रस्त्यावर कामाला होते. तिला जास्त सांगावं लागलं नाही. "येर," ती म्हणाली. येर म्हणजे पाणी, एवढं मला कळत होतं. ती गड्ड्यावर चढली आणि आपलं भरलेलं मडकं तिने त्या भोकात रिकामं केलं.

ती परत नाल्यावर गेली आणि भरून आली. तिच्यामागे दुसरी आली. मग आमच्या टोळीतल्या खडी फोडणाऱ्या दोघी उठल्या. लोखंड रुसते म्हणणारी म्हातारी चढू शकत नव्हती. ती नाल्यात उभी राहून घागरी भरून देत होती. मुकादमाने कोणाकोणाला अडवायचं? त्याने आमच्या बायकांना नावं घेऊन बजावलं, पण पाड्यावरच्या बायकांची नावं त्याला माहीत नव्हती, आणि त्या त्याच्या हजेरीवरही नव्हत्या.

एवढ्यात बाप आला. तो नाल्याच्या पलीकडे लाकडं पाहायला गेला होता. गड्ड्यावर मला आणि त्या भोकाला पाहून त्याला सगळं समजलं. कमरेचा विळा काढून त्याने बांबूची एक काडी तासली, टोक चपटं केलं आणि वर येऊन माझ्यासमोर बसला. दोघांनी मिळून उकरायला सुरुवात केली. ठासलेली माती विटेसारखी झाली होती. पाणी ओतायचं, थांबायचं, बोटभर उकरायचं. काडी झिजली की बाप दुसरी तासायचा. दुपार टळून गेल्यावर काडीच्या टोकाला पहिल्यांदा काळं लागलं. पुढच्या घागरीला काजळीसारखं पाणी वर आलं आणि दगडावरून ओघळत खाली गेलं. बापाने ते बोटावर घेतलं, हुंगलं आणि आकाशाकडे तोंड करून जोरात ओरडला, "मेला!"

नाल्यावरच्या सगळ्या माना वर झाल्या.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने टोळीतल्या गड्यांना दोन कोस पुढच्या कामावर धाडलं. त्यात माझा नवराही होता. जाताना तो माझ्याशी बोलला नाही. मला आणि बापाला सांगितलं होतं की आता काम नाही, घरी जा. आम्ही गेलो नाही. धोंडेच्या सावलीत बसून राहिलो, कारण त्याच दिवशी ओव्हरसियर यायचा होता.

तो आला दुपारी. तरुण होता, डोक्यावर मोठी टोपी, मानेवर घामोळं आलेलं. मुकादमाने सगळं सांगितलं आणि त्यात काही खोटं मिसळलं नाही. ओव्हरसियरने मला विचारलं की असं का केलं. मी भावाचं सांगितलं. त्याने पायाने दोन खडे बाजूला सारले. मग म्हणाला की ते ठीक आहे, पण दारू गेली आणि दगड इथेच आहे, आता हा काढायचा कसा? त्याला वाटलं होतं की या प्रश्नावर मी खाली पाहीन.

बापाने त्याचे ओठ पाहिले होते. तो उठून उभा राहिला आणि नाल्याच्या पल्याड ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "दारूच्या आंधी दगड फुटत नोहते का सायेब? मी फोडतो."

ओव्हरसियरने मुकादमाकडे पाहिलं. मुकादम म्हणाला की म्हातारा सब्बल धरतो, पण घण मारायला माणूस नाही, सगळे पुढे गेले. मी म्हटलं, मी मारते. मुकादम म्हणाला की बाई घण मारत नसते. मी म्हटलं, तुमचे गडी बोलवा मग. त्याला गडी परत बोलवायचे नव्हते. ओव्हरसियरला ऊन सहन होत नव्हतं. नवी दारू येईपर्यंत काय करायचं ते करा, असं म्हणून तो गाडीत बसला. अशी मला परवानगी मिळाली. कोणी मोठ्या मनाने दिली नव्हती.

घण उचलणं अवघड नसतं. तो खाली आणणं अवघड. भोकं उथळ हवी होती, म्हणून बापाने उकिडवं बसून सब्बलीऐवजी छिन्नी धरली. तिचं डोकं रुपयाएवढं, आणि त्याखाली त्याची दोन्ही मनगटं. मी घण डोक्यावर नेला आणि तिथेच अडकले. बापाने वर पाहिलं नाही. मी ओरडले असते तरी त्याला ऐकू आलं नसतं. तो छिन्नीच्या टोकाकडे पाहत राहिला आणि त्याचे हात जसे माझ्या नवऱ्यासाठी स्थिर असत तसेच स्थिर होते. मी मारला. घाव थोडा कडेला बसला, छिन्नी थरथरली, पण बापाने ती सोडली नाही. किंचित फिरवली आणि पुढच्या घावासाठी तयार ठेवली. वीस-पंचवीस घावांनंतर मी मोजणं सोडून दिलं. संध्याकाळी माझ्या तळहातांची सालं निघाली होती. बापाने त्यावर हळद लावली आणि सकाळी पुन्हा छिन्नी धरून बसला.

दारूविना दगड फोडायचा तर त्याच्या नसेवर जायचं असतं. एका ओळीत वीतभर खोल भोकं पाडायची. त्यांत ऐनाच्या वाळक्या लाकडाच्या पाचरी ठोकून बसवायच्या, वर ओली फडकी बांधायची आणि पाणी घालत राहायचं. लाकूड फुगतं. ते कुठेतरी जागा मागतं, आणि दगडाला ती द्यावी लागते. आम्ही पाच दिवसांत नऊ भोकांची ओळ पाडली, पाचरी ठोकल्या, दोन दिवस पाणी घातलं. काही झालं नाही. पाचरी फुगून चेपल्या, दगड जसाच्या तसा. मुकादम रोज एक चक्कर मारून जायचा. हसायचा नाही, पण थांबून पाहायचा. त्या दिवशी मी घण टेकवून बसले आणि पहिल्यांदा मला रडू आलं. बापाला मी ते दिसू दिलं नाही.

त्याच संध्याकाळी नवरा आला. पुढच्या कामावरून कोणाला न विचारता चालत आला होता. त्याने आमची ओळ पाहिली, माझे हात पाहिले. मला वाटलं आता हा काहीतरी बोलेल. तो बापाशेजारी बसला आणि दोघांनी दगडावर पंजे फिरवत बराच वेळ घालवला. मग मला म्हणाला, "वळ चुकली. नस एक हात खाली हाय. उद्या दोघं मारू."

तेवढंच. मला तेवढं पुरे होतं.

दोघांनी घण मारायचा म्हणजे आळीपाळीने. त्याचा वर जाताना माझा खाली. चुकलं तर घणावर घण आदळतो. पहिल्या दिवशी तीनदा आदळला. दुसऱ्या दिवसापासून आमचा ताल बसला. नवी ओळ चार दिवसांत झाली. या वेळी बापाने पाचरी बसवायच्या आधी त्या ओळीवर वाळक्या लाकडांचा जाळ केला. दुपारपर्यंत दगड इतका तापला की जवळ उभं राहवेना. मग पाड्यावरच्या त्या बाईला आणि तिच्या सोबतिणींना मी बोलावलं, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून घागरींमागून घागरी त्यावर उपड्या केल्या. वाफेने काही दिसेनासं झालं. दगडाचे पापुद्रे फटफट उडत होते. निवल्यावर पाचरी ठोकल्या, पाणी सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना बाप गड्ड्यावर अनवाणी उभा होता आणि त्याने अचानक हात वर केला. आम्ही थांबलो. मला काही ऐकू आलं नव्हतं. त्याने पायाखाली बोट दाखवलं. मग मलाही आवाज आला, वाळलेली चिंच मोडावी तसा, आणि ओळीतल्या एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत केसासारखी काळी रेघ उमटली. ती आमच्या डोळ्यांसमोर पुढे सरकत गेली. बाप मागे सरून खाली उतरला. नवऱ्याने त्या फटीत सब्बल घातली, मी तिच्या दांड्यावर अंगाचा भार टाकला. गड्डा नाल्याच्या बाजूला कलला आणि पडला. पाणी आमच्या गुडघ्यांपर्यंत उडालं.

सगळा नाही पडला. डावीकडचा एक तुकडा जागचा हलला नाही तो हललाच नाही. रस्ता तिथे थोडा वाकडा काढावा लागला. मधल्या काळात चांद्याहून दारूचा डबा येऊन पडला होता. तो पुढच्या कामावर गेला. पावसाच्या आत रस्ता नाल्याच्या पलीकडे गेला. ओव्हरसियर पुन्हा आला तेव्हा त्याने मुकादमाला शाबासकी दिली. मुकादम म्हणाला की हे यांनी केलं, आणि आमच्याकडे बोट दाखवलं. त्यानंतर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. वैशाखात मला ताप आला तेव्हा त्याने दुसऱ्या बाईच्या हाती गोळ्या पाठवल्या. पण पुढच्या हंगामात टोळीला बोलावणं आलं, त्यात आमच्या तिघांची नावं नव्हती. लोक म्हणाले, तू गप्प बसली असतीस तर काम गेलं नसतं. मी त्यांना सांगितलं की गप्प बसले असते तर नवरा गेला असता. कामं मिळतात.

मिळालीही. बाप पुढे दोन वर्षं जगला. मी आणि नवरा गडचिरोलीकडच्या धानाच्या गावांत विहिरी खोदायला लागलो. वरची माती शेतकरी स्वतः काढायचे. दगड लागला की आम्हाला बोलवायचे. पहिल्याच गावात शेतमालकाच्या म्हाताऱ्या काकाने मला विहिरीच्या काठावर अडवलं. बाई विहिरीत उतरली तर पाणी पळते, असं त्याचं म्हणणं होतं. मी विचारलं की आज किती पाणी आहे. त्याने आत डोकावून पाहिलं. तळाला कोरडा दगड होता. मी दोर कमरेला बांधला आणि दुसरं टोक नवऱ्याच्या हातात दिलं. त्याने पाय रोवले. घण माझ्यामागून टोपलीतून खाली आला.

बाराव्या दिवशी पाणी लागलं. थोडं खारट होतं, पण लागलं.